दुसरी सायकल आणि केळापूरचे रस्ते

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ केळापूर तालुक्याच्या मधून जातो. नागपूर, हिंगणघाट, वडनेर, करंजी करत तो पांढरकवड्याला येतो, जगदंबेच्या केळापूरजवळून पाटणबोरीकडे जातो आणि पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. २०१० पर्यंत या रस्त्याचा क्रमांक ७ होता आणि जुने ड्रायव्हर अजूनही तोच सांगतात. काश्मीर ते कन्याकुमारी सायकलने जाणाऱ्यांचा हा सरळ मार्ग. खाली वळलेलं हँडल, बारीक टायर, पाठीमागे लहानशी पिशवी अशा सायकली महामार्गाच्या कडेने जाताना दिसतात, आणि घरी आधीच एक सायकल असलेल्या माणसाच्या मनात प्रश्न उभा राहतो. अशी एक आपल्याकडे असावी का? नवी परवडत नसेल तर जुनी घ्यावी का?

माझं उत्तर हो असं आहे. पण बाजारात ज्या क्रमाने सायकल दाखवली जाते त्या क्रमाने ती पाहू नये. विकणारा आधी कंपनीचं नाव सांगतो, मग गियरचा दर्जा, मग वजन. केळापूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्याने आधी माप पाहावं, मग चाकाला जाड टायरची जागा आहे का ते पाहावं, मग सुटे भाग यवतमाळ-नागपूरच्या पलीकडे न जाता मिळतील का ते विचारावं. नावाची पाटी त्यानंतर.

दुसरी सायकल म्हणजे काय, हे आधी स्वतःशी स्पष्ट करून घ्यायला हवं. पहिली सायकल घरची कामं करते. तिला कॅरिअर असतं, मडगार्ड असतं, स्टँड असतं. ती शेतावर जाते, दळण आणते, पोरांना शाळेत सोडते. साधी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते, गियरची एमटीबी (माउंटन बाईक) चौदा ते सोळा किलो. रोड बाईक, म्हणजे ती खाली वळलेल्या हँडलची सायकल, नऊ ते अकरा किलोंची असते आणि यातलं एकही काम ती नीट करत नाही. ती लांब जाण्यासाठी आहे. पहिली सायकल विकून रोड बाईक घेणारे लोक असतात. दोन महिन्यांत बाजाराला जाण्यासाठी त्यांना पुन्हा मोटारसायकलला किक मारावी लागते. पहिली ठेवायचीच. ती घरात आहे म्हणूनच दुसरीकडून एकच गोष्ट मागता येते, आणि तिच्या दुरुस्तीला आठ दिवस लागले तरी घरचं काम अडत नाही. जुनी वस्तू घेण्याची जोखीम यामुळेच पेलता येते.

लांब जायला रोड बाईक लागतेच का? खरं सांगायचं तर लागत नाही. नागपुरात आणि राज्यातल्या इतर शहरांत जी बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल-फेरी, होते ती शर्यत नसते. ठरावीक अंतर ठरावीक वेळेत पूर्ण करायचं असतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास सरासरी पडते. सायकल कोणती असावी यावर बंधन नाही. रात्रीसाठी दिवे आणि चमकणारं जॅकेट मात्र सक्तीचं. नागपूर ते पांढरकवडा आणि परत हे अंतर तीनशेच्या आसपास भरतं, आणि सरळ हँडलच्या हायब्रीड सायकलवर ते वीस तासांत होऊ शकतं. रोड बाईक वेगळ्या कारणांसाठी हवी. वळलेल्या हँडलवर हात ठेवायला तीन-चार जागा असतात, त्यामुळे सहाव्या-सातव्या तासाला मनगटं बधिर होत नाहीत. खाली वाकता येतं, म्हणून उघड्या शिवारातला समोरचा वारा कमी अडवतो. ताशी पंचवीसच्या पुढे पायांची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. आदिलाबादला जाऊन दुपारच्या आत परत यायचं किंवा यवतमाळला जाऊन यायचं, हे ज्याला सवयीने करायचं आहे त्याला हा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो.

विदर्भात यासाठी प्रेरणा दुरून आणावी लागत नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरहून लांब शर्यतही. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघातून अमेरिकेची तीच शर्यत पुरी केली होती. या नावांनंतर महाराष्ट्रात रोड बाईक घेणारे वाढले, आणि जिथे घेणारे वाढतात तिथे काही वर्षांनी विकणारेही वाढतात.

जुन्या रोड बाईकचा आजचा बाजार तीन-चार गोष्टींनी घडला आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी सायकली घेतल्या. त्यातल्या पुष्कळ आता गॅलरीत उभ्या आहेत. आयात सायकलींवरचं शुल्क २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्क्यांवर गेलं, म्हणून बाहेरच्या कंपन्यांची नवी सायकल महागली आणि जुनीकडे वळणारे वाढले. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सौदा करताना याचा उपयोग होतो. विकणारा २०२१ चं बिल दाखवतो आणि त्यातून काही रक्कम वजा करून किंमत सांगतो. वजाबाकी त्या बिलातून करू नका. तीच किंवा तशीच सायकल आज नवी कितीला मिळते ते पाहा आणि तिथून खाली मोजा.

चौथी गोष्ट ब्रेकची. व्यावसायिक शर्यतींत डिस्क ब्रेकला २०१८ मध्ये कायमची परवानगी मिळाली आणि पाहता पाहता नव्या रोड बाईकवरून रिम ब्रेक दिसेनासे झाले. याचा परिणाम असा की उत्तम प्रतीच्या रिम ब्रेकच्या सायकली जुन्या बाजारात फार कमी भावात मिळू लागल्या. हलकी फ्रेम, चांगले गियर, नीट जपलेली चाकं, आणि किंमत एखाद्या साध्या डिस्कवाल्या सायकलीपेक्षा खाली. पुण्यात किंवा हैदराबादेत राहणाऱ्याला हा फायद्याचा सौदा आहे. केळापूरच्या माणसाला तो अर्धाच फायद्याचा आहे, कारण इथला रस्ता मध्ये येतो.

या तालुक्याची जमीन काळी आहे. कापसाची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याचा पायाही हलत राहतो. डांबराच्या कडा तुटतात, मधे लांब भेगा पडतात, कुठे रस्ता लाटेसारखा उंचसखल होतो. महामार्ग चौपदरी आणि चांगला आहे. राज्यमार्ग बरे आहेत. गावाकडे वळणाऱ्या रस्त्यांवर एका पावसाळ्यात खडी वर येते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली माती रस्त्यावर येते आणि ओली असताना ती फार निसरडी असते. पाऊस संपला की सराटा सुकतो. त्याचं बी कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो आणि बारीक टायरमधून सरळ ट्यूबपर्यंत जातो. बाभूळ आहेच. महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून सुटलेल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा. त्या डोळ्याला दिसत नाहीत. टायरच्या आतून बोट फिरवलं तरच सापडतात, आणि त्या काढल्या नाहीत तर नवी ट्यूबही पाच किलोमीटरवर बसते.

अशा रस्त्यावर २३ किंवा २५ मिलिमीटरचा टायर शंभर पीएसआयच्या आसपास फुगवून चालवणं म्हणजे हात, पाठ आणि रिम यांचा रोजचा छळ. २८ मिलिमीटर हे इथलं किमान आणि ३२ हे खरं माप. ३२ च्या टायरमध्ये साठ पीएसआयच्या आसपास हवा पुरते, खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपून फाटण्याचा धोका घटतो, आणि वेगात जाणवण्याइतका तोटा होत नाही. अडचण इथेच आहे. स्वस्तात मिळणाऱ्या रिम ब्रेकच्या शर्यतीच्या सायकलींत ब्रेकच्या कमानीखाली २५, फार तर २८ मावतो. डिस्कवाल्या, लांब प्रवासाच्या बैठकीच्या सायकलींत ३२ सहज बसतो, पण त्या महाग. म्हणून आपण कुठे चालवणार हे आधी ठरवावं. करंजी ते पाटणबोरी आणि पुढे आदिलाबाद, म्हणजे महामार्ग आणि फक्त महामार्ग, असा बेत असेल तर २८ मावणारी रिम ब्रेकची सायकल घ्यावी आणि वाचलेले पैसे चांगल्या टायरवर घालावेत. गावरस्त्यांनी घाटंजीकडे, झरीकडे, मोहद्याकडे फिरायचं असेल तर ३२ ची जागा असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जागा तपासायला पाच मिलिमीटरची एलन की पुरते. बसवलेला टायर आणि फ्रेम, टायर आणि चिमटा, टायर आणि ब्रेक यांच्या मधून ती सगळीकडून आरपार गेली तर आणखी थोडा जाड टायर बसायला वाव आहे. घासत गेली तर आहे त्याच मापावर थांबावं लागेल.

टायरच्याच बाबतीत दुसरा घोटाळा दुकानात होतो. आपल्याकडच्या काळ्या सायकलीचं चाक बोलण्यात '२८ इंची' असतं आणि रोड बाईकचं चाकही काही टायरांवर '२८' म्हणूनच छापलेलं असतं. दोन्ही वेगळी आहेत. काळ्या सायकलीच्या २८ बाय दीड इंची टायरची रिमवर बसण्याची जागा ६३५ मिलिमीटर व्यासाची, तर रोड बाईकच्या ७००सी चाकाची ६२२ ची. मधे आणखी एक जुनं माप आहे, २७ इंची, ते ६३० मिलिमीटर. जुन्या परदेशी पोलादी रेसर सायकलींना ते असतं आणि त्याचे टायर शोधताना दमछाक होते. म्हणून इंच विचारू नयेत. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात '२८-६२२' असा आकडा असतो, तोच वाचावा. पहिला टायरची रुंदी सांगतो, दुसरा रिमचं माप. दुसरा ६२२ नसेल तर स्वस्त म्हणून मोहात पडू नये.

व्हॉल्वचंही तसंच. रोड बाईकला बहुधा बारीक, वरची चकती फिरवून उघडावा लागणारा प्रेस्टा व्हॉल्व असतो. पंक्चरवाल्याच्या हवेच्या मशीनचं तोंड त्यावर बसत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर थोड्या पैशांत मिळतो. एक सायकलीवर, एक पाकिटात ठेवावा. रिमचं भोक बारीक असल्याने त्यात मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व जात नाही, आणि भोक मोठं करून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. रिमची ताकद तिथेच जाते. दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि हातपंप यांच्याशिवाय पांढरकवडा सोडायचं नाही. ट्यूबमध्ये घालायचा चिकट द्रव सराट्यावर उपयोगी पडतो, पण आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तो लवकर वाळतो, हे लक्षात ठेवून वेळोवेळी पुन्हा भरावा लागतो.

आता माप. ते पहिलं असूनही मी इथे आणलं, कारण त्यावर बोलायला थोडंच आहे, पण तिथे तडजोड नाही. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन्ही पायांच्या मधे एक जाड पुस्तक वरपर्यंत टेकवून धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. ते ८० सेंटिमीटर आलं तर ०.६७ ने गुणून ५३.६, म्हणजे ५३-५४ ची फ्रेम, ०.८८३ ने गुणून ७०.६ सेंटिमीटर, ही क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. हे गुणक फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि अमेरिकी शर्यतपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे रूढ झाले, आणि सुरुवातीच्या अंदाजाला ते पुरतात. सीटची उंची बदलता येते, फ्रेमची लांबी बदलत नाही. हँडलचा स्टेम एक-दोन सेंटिमीटर आखूड करता येतो, त्यापुढे नाही. दोन मापांच्या मधे असाल तर लहान घ्या. जुन्या बाजारात मध्यम आणि मोठ्या फ्रेमच जास्त दिसतात; कमी उंचीच्या माणसाला, विशेषतः बायकांना, थांबावं लागतं. थांबावं. "चालून जाईल" म्हणणाऱ्याची सायकल चालत नाही, मान आणि कंबर दुखत राहते.

गियरबद्दल लोक सर्वात जास्त बोलतात. शिमानो कंपनीच्या रोड बाईक गियरांची उतरंड खालून वर अशी: टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. मागच्या दात्यांची, म्हणजे दातेरी चकत्यांची, संख्याही त्याच क्रमाने वाढते; क्लॅरिसला आठ, सोराला नऊ, टियाग्राला दहा, १०५ ला आधी अकरा आणि अलीकडे बारा. शहरातला सल्ला १०५ घेण्याचा असतो. केळापुरात माझं मत क्लॅरिस किंवा सोरा असं आहे, आणि त्यामागे निव्वळ सुट्या भागांचं गणित आहे. आठ दात्यांच्या क्लॅरिसची चेन आणि गियरच्या साध्या एमटीबीची सहा-सात-आठ दात्यांची चेन एकच. तिची कॅसेट एमटीबीच्या आठ दात्यांच्या कॅसेटशी जुळते, आणि आठ-नऊ दात्यांच्या जमान्यातले शिमानोचे मागचे डिरेलर (चेन सरकवणारे) रोड आणि एमटीबी दोन्हींत चालतात. म्हणजे डिरेलर तुटलं तर यवतमाळच्या गियर सायकलीच्या दुकानातला भागही सायकल पुन्हा रस्त्यावर आणू शकतो. दहा दात्यांच्या टियाग्रा ४७०० मध्ये केबल ओढण्याचं प्रमाण आधीच्या दहा दात्यांच्या गियरांहून वेगळं आहे. तिथे 'दहाचं दहाला' लागत नाही. बारा दात्यांचं आणि बॅटरीवर चालणारं गियर जुनं घेऊन इथे आणू नये, एवढं सांगून तो विषय संपवतो.

अगदी स्वस्त रोड बाईकवर गियरचा खटका ब्रेकच्या लिव्हरमध्ये नसतो, हँडलच्या वरच्या भागावर वेगळा असतो. खाली वाकून चालवताना दर वेळी हात वर न्यावा लागतो. वर्षभर चालवायची असेल तर खटका ब्रेकमध्येच असलेली सायकल बघावी.

ब्रेकमध्ये रिम ब्रेक किंवा केबलवर चालणारा डिस्क, हे दोन्ही आपल्या मिस्त्रीच्या हातातले आहेत. तेलावर चालणारा डिस्क उत्तम थांबवतो, पण त्यात हवा शिरली तर काढायला वेगळं साहित्य लागतं, आणि शिमानोचं खनिज तेल व स्रॅम कंपनीचं डॉट तेल एकमेकांत चालत नाही. फ्रेम अॅल्युमिनियमची आणि चिमटा कार्बनचा हा मेळ या किमतीत सर्वात शहाणा. संपूर्ण कार्बनची जुनी फ्रेम न पाहता, फोटोवरून घेऊ नये. तिचा तडा रंगाखाली लपतो. नाण्याने टकटक करून आवाज ऐकण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, पण तिच्यावर भरवसा ठेवण्याइतका कान फार थोड्यांना असतो.

आपल्याकडे जुन्यात सर्वात जास्त भेटतात त्या डेकॅथलॉनच्या ट्रायबन, आपल्याच टीआय सायकल्सच्या माँट्रा, २०१५ मध्ये हीरोने घेतलेल्या फायरफॉक्स, आणि थोड्या वर स्कॉट, मेरिडा, जायंट, ट्रेक. केळापूरसाठी मी ट्रायबनकडे आधी बघेन. बैठक उभट, किंमत आवाक्यात, आणि दुकान नागपुरात आहे.

प्रत्यक्ष पाहायला जाल तेव्हा दिवसा जा आणि सायकल धुतलेली असली तरी पुन्हा कापडाने पुसा. डोक्याच्या नळीला खालची नळी मिळते तिथे, जोडाच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. रंगाला फुगे, केसासारखी रेघ, आडवी सुरकुती दिसली तर ती सायकल समोरून धडकलेली असू शकते. तिथून परत फिरा. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध येताच ते अडखळून स्थिरावलं, तर आतल्या वाटीत छऱ्यांनी खड्डे पाडले आहेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. कटकट झाली तर हँडलचे कप ढिले आहेत. चाकं फिरवून आउट किती आहे ते पाहा. थोडा आउट मिस्त्री तारा ताणून काढतो, पण रिमला ठोकर बसून खोलगा पडला असेल तर रिम बदलणं आलं. रिम ब्रेकच्या सायकलीत रिमच्या बाजूवर नख फिरवा. ती आत खोल झाली असेल तर ब्रेक-पॅडने धातू खाल्ला आहे आणि नवं चाक लागणार. मागून पाहिल्यावर डिरेलर जिथे टांगलेलं असतं तो हँगर फ्रेमच्या सरळ रेषेत असायला हवा.

चेन मोजायला महागडं हत्यार नको, शाळेतली स्टीलची पट्टी पुरे. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. चोवीसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेली तर चेन बदलायची. आठव्या भागाने गेली तर कॅसेटही खाल्ली गेली आहे असं धरा. सीटचा दांडा विकणाऱ्याकडूनच ढिला करून वर-खाली करून घ्या. घाम आणि पावसाने तो फ्रेममध्ये कायमचा धरलेला असतो, आणि मग आपल्या मापाला सीट येत नाही. टाळेबंदीत घरातच स्टँडवर चालवलेल्या सायकली बाहेरून नव्यासारख्या दिसतात, पण हँडलच्या टेपखाली आणि कपाच्या बोल्टवर घामाने गंज चढलेला असतो. टेपचं एक टोक उघडून पाहण्याची परवानगी मागा. देत नसेल तर किंमत कमी करा.

एक खास तपासणी अल्टेग्रा किंवा ड्युरा-एसच्या क्रँकची. २१ सप्टेंबर २०२३ रोजी शिमानोने जाहीर केलं की १ जून २०१२ ते ३० जून २०१९ दरम्यान बनलेल्या, ६८००, आर ८०००, ९००० आणि आर ९१०० या मालिकांतल्या अकरा दात्यांच्या चिकटवलेल्या हॉलोटेक क्रँकचे दोन भाग सुटू शकतात, आणि त्यांची मोफत तपासणी सुरू केली. अशी क्रँक असलेली सायकल स्वस्तात मिळत असेल तर ही तपासणी झाली का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. वेगात असताना क्रँक सुटणं म्हणजे थेट रस्त्यावर पडणं.

कागदपत्रांबद्दल आपण बेफिकीर असतो. सायकलीला आरसी नसते. एकेकाळी नगरपालिकेचा पितळी बिल्ला असायचा, तोही गेला. म्हणून मूळ बिल, क्रँकच्या खाली फ्रेमवर कोरलेला नंबर आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, तिन्ही घ्यावं आणि दोन ओळींची पावती लिहून घ्यावी. चोरीचा माल माहीत असून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. नंबर घासलेला असेल तर बोलणं तिथेच थांबवावं.

भावाचा माझा हिशेब असा. आजच्या नव्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करावी, उत्तम जपलेली असेल तर साठ टक्क्यांपर्यंत जावं, आणि लगेच बदलावे लागणारे भाग त्यातून वजा करावेत. दोन चांगले टायर, ट्यूब, चेन, केबल, टेप आणि ओव्हरहॉलिंग यांत सात-आठ हजार सहज जातात. कॅसेट धरली तर दहाकडे. विकणारा पंचवीस मागत असेल आणि टायरच्या बाजूला उन्हाने भेगा पडल्या असतील, तर ती सायकल तुम्हाला बत्तीस-तेहतीसला पडणार आहे. एवढ्यात नवी साधी रोड बाईक किंवा चांगली हायब्रीड वॉरंटीसह येत असेल तर जुनीचा हट्ट धरू नये. ज्याला मोजमाप, तपासणी, दुरुस्ती यांत रस नाही त्याने ३५ मिलिमीटरचा गुळगुळीत टायर असलेली नवी हायब्रीडच घ्यावी. तिच्यावरही बीआरएम होते, आणि गावरस्ते तर जास्त चांगले होतात.

नागपूर किंवा हैदराबादहून आणताना सायकलीच्या दुकानातून रिकामं खोकं मागून घ्यावं, पुढचं चाक काढावं, मागचं डिरेलर जाड कापडात गुंडाळावं आणि ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत स्वतः ठेवावं. गियरची बाजू वर. टपावर बांधून आणलेल्या सायकलीचा हँगर वाकतो आणि तो दोष आधीपासून होता की वाटेत आला हे कोणालाच सांगता येत नाही.

सायकल घरी आल्यावर पहिला खर्च दिव्यांचा. हिवाळ्यात महामार्गावर पहाटे धुकं असतं, कापसाने भरलेल्या गाड्या आणि ट्रॅक्टर बिनदिव्याचे असतात. शिवाय हा टिपेश्वर अभयारण्याचा तालुका आहे. १४८ चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्यातले वाघ हद्दीची पाटी वाचत नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीचा इलाखा याच पांढरकवडा वनविभागातला. सुन्ना आणि माथनी या प्रवेशद्वारांकडच्या रस्त्यांना पहाटे आणि सांजवेळी एकट्याने सायकल घालू नये. उजाडल्यावर निघावं, आणि ते आधी महामार्गाच्या दिशेने.

दुसरा खर्च हत्यारांचा. रोड बाईकची कॅसेट, क्रँक आणि बॉटम ब्रॅकेट उघडायचे पाने तालुक्याच्या मिस्त्रीकडे असतीलच असं नाही. त्याने कोटर पिनच्या सायकली आयुष्यभर जुळवल्या आहेत, आउट काढण्यात त्याचा हात शहरातल्या शोरूमपेक्षा पक्का असतो. कमी असतात ते तीन-चार पाने. ते विकत घेऊन त्याच्याच दुकानात ठेवायला द्यावेत आणि पहिलं ओव्हरहॉलिंग त्याच्यासमोर बसून करून घ्यावं. पांढरकवड्यात पुढची रोड बाईक येईल तेव्हा तिच्यासाठीही ते तिथे असतील.